झाकणावरची अक्षरं

शहापुरात माझी खानावळ. बत्तीस डबे.
झाकणावर खडूनं नावाचं पहिलं अक्षर, इतकी वर्षं तेवढं पुरलं.
मग टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये
कोणी साहेब येऊन गेले, दोनशे रुपयांत
ज्याला त्याला त्याच्या रक्ताचा तक्ता देऊन.
रंगीत. लॅमिनेशन केलेला. पुसता येईल असा.

तेव्हापासून नावं गेली.
ए. बी. ओ. आणि बँकेतला तो एकटा एबी,
जो कशालाच नाही म्हणत नाही.

परशराम कणबरकर, तालमीतला गडी,
बुधवारच्या रश्शात भाकरी कुस्करून
वाटी तोंडाला लावणारा,
मान खाली घालून म्हणाला,
मावशी, मी ए निघालोय की. आता मला मुगाचं वरण.
दहावीला नापास झाल्यासारखा उभा होता.

आणि ईरण्णा, बैलहोंगलचा, गळ्यात लिंग,
काकडी चिरली तरी विचारणार, सुरी कुठली?
तो ओ. त्याच्या तक्त्यात पहिल्याच ओळीत मटण.
एवढा हसला की ताक नाकात गेलं.
अक्का, म्हणाला, रक्त खातंय म्हणे. मी नाही खात.

फिलोमिना टीचर, कॅम्पातली, बी.
टोमॅटो बंद, मसूर बंद, शेंगदाणे बंद.
शेंगदाणे!
आमच्याकडे शेंगाची चटणी नसेल
तर पान वाढलं असं म्हणतच नाहीत.
तिच्यासाठी वेगळी गुरेळाची कुटली, खांदा भरून येईतो.
चौथ्या दिवशी रिकाम्या डब्यात चिठ्ठी:
थोडी शेंगाची घाला. थोडीच. कुणाला सांगू नका.

माझा गट कुणी विचारला नाही.
मीच ट्रंकेतून कागद काढला,
थोरल्या लेकीच्या बाळंतपणातला, सिव्हिलचा, सगळा कन्नडात.
ईरण्णाला दिला. ओ, म्हणाला, माझ्यासारखंच.
खाली बघ, म्हटलं, आणखी काय लिहिलंय?
दोन बाटल्या चढवल्या, म्हणाला.
कुणाच्या?
ते नाही लिहिलेलं, अक्का.

त्या रात्री भांडी पालथी घालताना मनात तेच:
तो, की ती, त्या दिवशी काय जेवून आली असेल?
खारातली मिरची? कडक रोट्टी? की उपाशीच?

मग एकदा रात्री अकराला परशरामचा फोन.
बहीण बाळंत झालीय, रक्त थांबत नाही, ओ पाहिजे.
आम्ही तिघं सिव्हिलमध्ये.
मी बी देतो, परशराम म्हणाला.
नर्स म्हणाली, बी नाही, तू ए. बाजूला बस.
माझ्या बोटाला टोचलं, थेंब बघितला,
तुमच्याच अंगात कमी आहे, म्हणाली, जेवत नाही काय बाई?
बत्तीस डबे भरणारी मी, काय सांगणार?

आत ईरण्णा मूठ उघडत मिटत पडलेला.
त्याला म्हटलं, आमच्यात हाक मारली
की ओ देतात, माहीत आहे?
तो छताकडे बघत म्हणाला,
आमच्यातही ओच, अक्का.

बाहेर आला तेव्हा हातावर चिकटपट्टी,
खिशात बिस्किटाचा पुडा.
तोच पुडा शेजारच्या बाकावरच्या बीलाही दिलेला.
अर्धा त्यानं परशरामला दिला.
परशरामनं खाल्ला नाही, हातात धरून बसला, पहाटेपर्यंत.

बुधवारी परशरामनं वाटी पुढे केली. बोलला काही नाही.
मी तळातून ढवळून वाढलं.
बहिणीचा डबा वेगळा: माडगं, मऊ भात, लसणाची फोडणी.
झाकणावर काय लिहू विचारलं,
तर म्हणाला, तिचं नाव रेणुका.

तक्ते आहेत अजून. सात जमलेत.
भाकरी थापताना पीठ फरशीवर सांडू नये
म्हणून परातीखाली घालते.
फडकं फिरवलं की लख्ख होतात.